मुद्दाम केलं की झालं?

दोस्तांनो, वर्गात दिवसभरात सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य कोणतं, सांगा पाहू? ‘गृहपाठाची वही घरी राहिली’ म्हणाल, तर चुकलात. ‘पाणी प्यायला जाऊ का?’ म्हणाल, तरी चुकलात. ते वाक्य आहे, ‘मॅडम, ह्यानं मुद्दामून केलं!’

दप्तरावर पाय पडला, मुद्दामून! कंपास खाली सांडला, मुद्दामून! रांगेत धक्का लागला, तोही मुद्दामून! ज्याला लागतं त्याची शंभर टक्के खात्री असते. आणि ज्याच्याकडून लागतं तो गळ्याला चिमटा घेऊन सांगतो, ‘आईशप्पत मॅडम, चुकून झालं.’ मी किल्लारीच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. डी. एड. करताना आम्हाला बालमानसशास्त्र शिकवलं होतं, परीक्षाही झाली होती. पण समोरच्याच्या मनात डोकावून बघायची दुर्बीण काही त्या पुस्तकात सापडली नाही!

मग निवाडा करायचा कसा? आज मी तुम्हाला अशा पंचांची गोष्ट सांगणार आहे, ज्यांना नेमका हाच निवाडा करावा लागतो. तोही चार-दोन सेकंदांत, आणि हजारो माणसं कानाशी ओरडत असताना.

गोष्टीची सुरुवात एका चेंडूपासून होते. आमच्या वर्गातल्या एका मुलाचा मामा अमेरिकेत नोकरीला आहे. दिवाळीत तो गावी आला, तेव्हा भाच्यासाठी एक चेंडू घेऊन आला. तपकिरी रंगाचा, लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. थेट कच्च्या पपईसारखा! मुलांनी तो आधी टप्पा देऊन पाहिला. चेंडू एकदा डावीकडे उडाला, एकदा उजवीकडे, तिसऱ्यांदा फळ्यावर. ‘मॅडम, हा चेंडू बिघडलाय का?’ असा पहिला प्रश्न आला. चेंडू बिघडलेला नव्हता. तो अमेरिकन फुटबॉलचा होता. मामाने खेळाच्या चित्रफिती मोबाइलवर दाखवल्या, आणि मधल्या सुट्टीत आमच्या वर्गात त्याच खेळाची चर्चा सुरू झाली.

नाव फुटबॉल, पण हा खेळ पायापेक्षा हातानेच जास्त खेळतात बरं का! दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. मैदान शंभर यार्ड लांब, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण ९१ मीटर. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांना चार संधी मिळतात. या चार संधींत त्यांनी निदान दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकले, तर पुन्हा नव्या चार संधी. नाही सरकले, तर चेंडू दुसऱ्या बाजूकडे.

चेंडू आधी येतो क्वार्टरबॅक नावाच्या गड्याच्या हाती. हा संघाचा मेंदू. तो चार पावलं मागे जातो, पुढे धावणाऱ्या आपल्या साथीदारांकडे बघतो आणि ज्याच्या आसपास मोकळी जागा दिसेल त्याच्याकडे चेंडू फेकतो. पण समोरचे धिप्पाड गडी काय हात बांधून उभे राहतात? ते त्याच्यावर तुटून पडतात. चेंडू हातातून सुटायच्या आधीच त्यांनी त्याला मागच्या बाजूला खाली पाडलं, तर त्याला म्हणतात ‘सॅक’. आपल्या भाषेत सांगायचं तर झकास पकड! मग डाव जिथे तो पडला तिथून पुढे चालू होतो. म्हणजे चारपैकी एक संधी गेली, आणि वर जमीनही गेली. पकड करणाऱ्याच्या नावावर ही सॅक मांडली जाते. दोघांनी मिळून पाडलं तर दोघांना अर्धी-अर्धी! अमेरिकेतल्या एनएफएल या सगळ्यांत मोठ्या साखळी स्पर्धेत १९८२ पासून प्रत्येक खेळाडूच्या सॅकची अधिकृत मोजदाद ठेवली जाते.

आता तुम्ही क्वार्टरबॅक आहात अशी कल्पना करा. चार यार्डांवर चार पहिलवान धावत येताहेत. साथीदार कुणीच मोकळा नाही. काय कराल?

माझ्या वर्गातल्या मुलांनी पटकन उत्तर दिलं, ‘चेंडू टाकून द्यायचा की खाली!’

बरोबर. कारण फेकलेला चेंडू कुणी झेलला नाही आणि तो जमिनीवर पडला, तर फक्त ती संधी वाया जाते. मागे ढकलले जात नाही. जमीन वाचते. म्हणजे पकड होणार असं दिसलं की चेंडू टाकून मोकळं व्हायचं! पण विचार करा, असं चाललं असतं तर कधी कुणाची पकड झाली असती का? समोरचा गडी जीव तोडून धावत आला, दोन अडथळे चुकवले, हात लावणार एवढ्यात याने चेंडू टाकला आणि हसत उभा राहिला. त्याच्या मेहनतीचं मोल काय राहिलं?

म्हणून नियम केला गेला. त्याचं नाव ‘इंटेन्शनल ग्राउंडिंग’, म्हणजे मुद्दाम चेंडू जमिनीवर टाकणं. एनएफएलमध्ये याची शिक्षा अशी की ती संधी तर जातेच, शिवाय दहा यार्ड मागे जावं लागतं. चेंडू टाकला तेव्हा तो दहा यार्डांपेक्षाही मागे उभा असेल, तर डाव तिथूनच सुरू होतो. आणि स्वतःच्या अगदी टोकाच्या पट्ट्यात उभा राहून त्याने असं केलं, तर समोरच्या संघाला थेट दोन गुण!

आता खरी गंमत पुढे आहे. नियमाच्या नावातच ‘मुद्दाम’ आहे. मग पंच काय क्वार्टरबॅकला विचारतो का, ‘का रे बाबा, मुद्दाम टाकलास का?’ छे! पंच त्याच्या मनाकडे बघतच नाही. तो डोळ्यांना दिसणाऱ्या तीन-चार गोष्टी तपासतो.

पहिली गोष्ट, त्याच्यावर खरंच गडी चालून आले होते का? पकड होऊन जमीन जायची वेळ आली होती का? कुणी जवळच नसेल तर तो फसलेला फेक म्हणायचा.

दुसरी गोष्ट, चेंडू पडला त्या जागेजवळ चेंडू झेलायचा हक्क असलेला त्याचा एखादा साथीदार होता का? असेल, तर प्रयत्न झाला असं धरतात. चेंडू त्याच्या पायाशी पडला तरी चालतं.

तिसरी गोष्ट, फेकणारा उभा कुठे होता? त्याच्या बचावासाठी उभ्या असलेल्या गड्यांच्या मागे एक काल्पनिक चौकट धरलेली असते. तिला ‘पॉकेट’ म्हणतात. या चौकटीच्या बाजूने तो बाहेर पळाला असेल, आणि चेंडू निदान डाव सुरू झाला त्या रेषेपर्यंत पोचला असेल, तर सूट आहे! मग त्याने चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावला तरी गुन्हा नाही. चौकटीतून निसटायला त्याने मेहनत घेतली ना, त्याचं ते बक्षीस समजा.

आणि एक गोष्ट तर याहून मजेची. वेळ संपत आली की क्वार्टरबॅक चेंडू हाती येताच सगळ्यांदेखत तो पायाशी आपटतो. घड्याळ थांबवण्यासाठी. याहून मुद्दाम ते काय असणार? तरीही ते नियमात बसतं! फक्त चेंडू येताक्षणी आपटायला हवा. आधी थांबला, इकडेतिकडे पाहिलं, गडी आले आणि मग आपटला, तर ते चालत नाही. का, सांगा बरं? कारण पहिल्या वेळी कुणाची पकड हिरावली गेलेली नसते. दुसऱ्या वेळी ती हिरावली जाते.

हे सगळं एकट्या माणसाला दिसत नाही. मुख्य पंच क्वार्टरबॅककडे बघत असतो. चेंडू वीस-तीस यार्डांवर कुठे पडला आणि तिथे कोण होतं, हे त्याला कसं दिसणार? ते दुसरे पंच बघतात. एनएफएलच्या सामन्यात मैदानावर सात पंच असतात. म्हणून पुष्कळदा असं होतं, की डाव संपतो, पंच एकमेकांजवळ येतात, दोन शब्द बोलतात, आणि मग उशिरा पिवळा रुमाल मैदानावर पडतो. ‘मी एवढं पाहिलं, तू काय पाहिलंस?’ असं विचारून केलेला हा निवाडा.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, अमेरिकेचं काय घेऊन बसलात, आपल्या मातीतलं सांगा. सांगते की!

कबड्डीत काय होतं बघा. चढाईपटू एकटा, समोर सात गडी, वेळ ३० सेकंद. दोन्ही कडांना एक-एक मीटर रुंदीचा पट्टा असतो. त्याला राखीव क्षेत्र म्हणतात. हल्ली टीव्हीवर ‘लॉबी’ म्हणतात, तेच हे. चढाईपटूचा आणि बचाव करणाऱ्याचा एकमेकांना स्पर्श झाला, की हे क्षेत्र खेळासाठी खुलं होतं. स्पर्श होण्याआधी मात्र ते बंद. स्पर्शाशिवाय चढाईपटूने तिथे पाय टाकला की तो बाद. या एका मीटरच्या पट्ट्याने एकदा अख्खा अंतिम सामना थांबवला होता!

तारीख ७ ऑक्टोबर २०२३. चीनमधल्या हांगझोऊ शहरात आशियाई स्पर्धा. पुरुष कबड्डीची अंतिम लढत, भारत विरुद्ध इराण. याच इराणने २०१८ मध्ये जकार्ताला भारताला उपान्त्य फेरीत हरवलं होतं, म्हणून चुरस जबरदस्त. भारतीय चमूत आपल्या महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदेही होते. सामना संपायला साधारण एक मिनिट उरलेलं, आणि गुण २८–२८! कर्णधार पवन सेहरावत चढाईला गेला. ही ‘करो या मरो’ चढाई होती. म्हणजे गुण नाही आणला तर तो बाद. गडबडीत कुणालाही स्पर्श न होता पवनचा पाय राखीव क्षेत्रात गेला, आणि त्याला धरायला इराणचे गडीही त्याच्यामागे तिथे घुसले.

आता कोण बाद? एका नियमाप्रमाणे, स्पर्शाशिवाय जो जो त्या क्षेत्रात गेला तो तो बाद. म्हणजे पवनही बाद आणि इराणचे चार गडीही बाद. दुसऱ्या, नव्या नियमाप्रमाणे, पवनचा पाय पडला त्या क्षणी चढाई संपली. पुढे जे झालं ते धरायचंच नाही. प्रो कबड्डीत हाच नवा नियम चालत होता. पंचांनी आधी एक निर्णय दिला, मग बदलला. दोन्ही संघांनी आक्षेप घेतले. खेळ बराच वेळ बंद पडला. अखेर भारताला चार गुण आणि इराणला एक गुण असा निवाडा झाला, आणि भारताने ३३–२९ असा सामना जिंकून सुवर्णपदक घेतलं.

आपण जिंकलो, आनंद झाला. पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? जुना नियम तसाच असेल, तर एखादा चलाख चढाईपटू काय करू शकेल? स्वतः एकटा बाद होईल आणि चौघांना मागे ओढून बाद करील! एक देऊन चार घ्यायचे. मग पंचाने प्रत्येक वेळी विचारायचं का, की हा पाय मुद्दाम टाकलास की घसरलास? नव्या नियमाने तो प्रश्नच मिटतो. पाय पडला, चढाई संपली, एक गुण, चला मध्यरेषेवर! चांगला नियम असा असतो. तो मनातलं विचारत नाही, आणि लबाडीला फायदाही मिळू देत नाही.

भूकंपानंतर वसलेल्या आमच्या नव्या गावात रस्ते रुंद आहेत आणि मोकळ्या जागा पुष्कळ. त्यामुळे खेळायला जागेचा तोटा नाही. गेल्या हिवाळ्यात पाचवीच्या दोन तुकड्यांचा मुलींचा कबड्डी सामना लावला होता. सकाळी मैदानावर पाणी मारलं, फक्कीने रेषा आखल्या, मी शिट्टी घेऊन उभी. शेवटच्या चढाईला एक मुलगी गेली. तिघींनी तिला कोपऱ्यात घेरलं, आणि अजून कुणाचा हात लागायच्या आतच तिचा पाय रेषेबाहेर गेला. मी तिला बाद दिलं. तिची तुकडी एका गुणाने हरली.

पुढे जे झालं ते मात्र खेळातलं नव्हतं. समोरच्या तुकडीत तिची सख्खी चुलतबहीण होती. तिच्याच तुकडीतल्या मुली म्हणायला लागल्या, ‘हिनं मुद्दामून पाय भाईर टाकला. बहिणीला जिंकवलं.’ दुसऱ्या दिवशी डबा खायला तिच्याजवळ कुणी बसेना. ती रडलीही नाही. नुसती मान खाली घालून भाकरीचे तुकडे करत राहिली. मला ते बघवेना.

मी सगळ्यांना मैदानावर नेलं. कोपऱ्यातली रेषा अजून पुसली गेली नव्हती. ‘पाय दाखवा तिचा,’ म्हटलं. काळ्या ओल्या मातीत हातभर लांब खरड उमटलेली होती, आणि पांढरी फक्की त्या खरडीबरोबर बाहेर ओढली गेली होती. मग मी एकीला म्हटलं, ‘तू मुद्दाम रेषेबाहेर पाय टाकून दाखव.’ तिने टाकला. ठसा अख्खा उमटला, टाच आणि पाचही बोटं. दोन्ही खुणा शेजारी-शेजारी. मुली वाकून-वाकून पाहू लागल्या. त्यातली सगळ्यांत जास्त बोलणारी हळूच म्हणाली, ‘घसरली की गं ही.’

मी म्हटलं, ‘तिच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नाही, तुम्हालाही नाही. मातीत काय आहे ते सगळ्यांना दिसतंय. गुण त्यांचाच राहील, कारण पाय बाहेर गेला होता. पण मुद्दाम हा शब्द ज्यांनी लावला, त्यांनी त्याची खूण दाखवायची. खूण नसेल, तर शब्द मागे घ्यायचा.’ बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग तिघी-चौघी तिच्याकडे गेल्या. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. पण दुपारी डबे एकत्र उघडलेले दिसले.

‘मुद्दाम’ या शब्दाला मी एवढी जपते, त्याला आणखी एक कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला आमच्या भागात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळजवळ दहा हजार माणसं गेली. मी चार वर्षांची होते. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून सगळे उशिरा घरी आले होते. माझा धाकटा काका ओसरीवर झोपणार होता. आजीच त्याला म्हणाली, ‘गार हाय, आत झोप.’ आतली भिंत दगडमातीची होती. काका गेला. पुढे कितीतरी वर्षं आजी म्हणायची, ‘म्याच त्याला आत झोपवलं.’ आणि आजोबा दर वेळी एकच उत्तर द्यायचे, ‘मुद्दाम केलंस का तू?’ आजी मान हलवायची, डोळे पुसायची आणि कामाला लागायची. वर्गात जो शब्द दिवसभर आरोप करण्यासाठी येतो, तोच आमच्या घरी एका माणसाला उभं राहायला मदत करत होता.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. तुमच्या गल्लीत क्रिकेट असेल, लंगडी असेल, कबड्डी असेल, खेळ सुरू करण्याआधी पाच मिनिटं बसा. ज्या-ज्या ठिकाणी तुमची ‘मुद्दाम केलं’ म्हणून भांडणं होतात, ती वहीत लिहा. मग प्रत्येकापुढे लिहा, की मनात न डोकावता हे कसं ओळखायचं? कुणी किती अंतरावर होतं? पाय कुठे होता? हात कुठे होता? क्रिकेटमधला पायचीतचा नियम आठवा. ऑफ स्टंपच्या बाहेर चेंडू पॅडला लागला, तर फलंदाजाने बॅटने खेळायचा खरा प्रयत्न केला होता का, एवढंच अंपायर बघतो. प्रयत्न केला असेल तर तो वाचतो. नुसता पाय पुढे करून उभा असेल तर बाद होऊ शकतो. तोही मनाचा निवाडा बॅटीवरूनच करतो की नाही?

दुसरं काम त्याहून महत्त्वाचं. निवाडा करायला एकापेक्षा जास्त जण ठेवा. कबड्डीत सरपंच असतो, दोन बाजूंना दोन पंच असतात, गुणलेखक असतात. एकाला पाय दिसतो, दुसऱ्याला हात. आणि नियम कोणता धरायचा ते पहिल्या चढाईआधी ठरवा. शेवटच्या मिनिटाला ठरवायला बसलात, तर काय होतं ते हांगझोऊला सगळ्या जगाने पाहिलं!

तो पपईसारखा चेंडू अजून आमच्या कपाटात आहे. शनिवारी मुलं तो काढतात. नियम त्यांनी स्वतःच बनवलेत. सहा-सहा गडी, पाडायचं नाही, पाठीला हात लावला की पकड झाली. आणि पकड होताना चेंडू टाकून दिला, तर पाच पावलं मागे. ‘मुद्दाम’ हा शब्द त्यांनी त्या यादीत कुठेच लिहिलेला नाही. तुम्ही तुमचे नियम बनवाल तेव्हा तो शब्द न वापरता लिहिता येतात का, बघा बरं!